न्हाणीघराचा बोर्ड

“मी मेनवर हात ठेवून उभा रायतो. तू जा आत,” दौलतकाका म्हणाले आणि व्हरांड्यातल्या मेन स्विचपाशी जाऊन उभे राहिले.

“काका, खुर्ची आणून देतो. पाऊण तास तरी लागेल,” मी म्हणालो.

“खुर्चीवर बसून मेन राखते का कोणी? जा तू.”

ही त्यांचीच पद्धत होती. वायरिंग ज्याने केली त्याने ती तपासायची नाही, दुसऱ्याने तपासायची. आणि तेवढा वेळ करणाऱ्याने बाहेर मेन स्विचवर हात ठेवून उभं राहायचं, म्हणजे कोणी सहज म्हणून खटका वर केला आणि आत तपासणाऱ्याचा जीव गेला, असं होऊ नये. आत डोकावायचं नाही, आतून काही विचारल्याशिवाय बोलायचं नाही. “मी केलेलं मले बरोबरच दिसते, त्यात काय तपासू?” असं ते म्हणायचे. मूर्तिजापुरात त्यांच्या हाताखाली तयार झालेले आम्ही पाच-सहा जण होतो. ही पद्धत पाळणारा मी एकटाच उरलो होतो आणि त्याचा मला भारी गर्व होता.

मी त्यांच्याकडे सहा वर्षं काढली होती. पहिल्याच वर्षी मी एका डॉक्टरांच्या घरी बोर्ड भरला. काकांनी तो डॉक्टरांच्या बायकोसमोर उघडला, आतला गुंता पाहिला आणि पक्कड माझ्या हातात देऊन म्हणाले, “काढ सगळं. पहिल्यापासून कर.” मला रडू आलं होतं. डॉक्टरांच्या बायकोला माझी दया आली, तर काका तिला म्हणाले, “बाई, याले आज वाईट वाटलं तर हा जलमभर चांगलं काम करीन.” तसंच झालं. पुढे मी परीक्षा दिली, कंत्राटदाराचा परवाना काढला, स्वतःचं दुकान टाकलं. काका मात्र शेवटपर्यंत वायरमनच राहिले. सहीचा अधिकार माझ्याकडे आला आणि हात त्यांच्याकडे राहिला, असं मी गमतीने म्हणायचो. त्यांना ते आवडायचं.

ही दोन हजार तीनच्या फेब्रुवारीतली गोष्ट. घर त्यांच्या मुलीचं, कुंदाताईंचं. त्यांचे यजमान प्रभाकर सोळंके जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते. तीन खोल्या, न्हाणीघर, वर गच्ची. कायमचं मीटर मिळायला वीज ऑफिसात टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. पॉइंट किती, अर्थिंग कसं, तारांचं कवच धड आहे की नाही, हे सगळं परवानावाल्याने स्वतः तपासून त्यावर सही करायची. आमच्या धंद्यातले पुष्कळ जण हा कागद चहा पिता पिता टेबलावर भरतात आणि घर कोणत्या गल्लीत आहे तेही त्यांना माहीत नसतं. मी प्रत्येक घर पाहायचो. म्हणून गावात मला ‘किचकट खंडारे’ म्हणत. हे नाव मी इतक्या वेळा कौतुकाने लोकांना सांगितलं आहे की ऐकणाऱ्याला जांभई यावी.

स्वयंपाकघरात शिरलो तर कुंदाताई ओट्यापाशी उभ्या होत्या. ओट्यावर अजून सिमेंट सांडलेलं होतं. त्यांनी दाराबाहेर एकदा पाहिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, “सुधाकरभाऊ, तुमच्याशी बोलायचं होतं. बाबांनी तुमचंच नाव घेतलं. दुसरा कोणी नको म्हणाले.”

“अहो, माझ्याशिवाय त्यांच्या कामाला हात लावायची हिंमत कोणाची आहे?”

त्या हसल्या नाहीत.

“त्यांना टीबी झाला होता ते तुम्हाला माहीतच आहे. आता बरे आहेत, वजनही वाढलं. पण त्यातल्या एका गोळीनं त्यांचे डोळे बिघडले. दिसतं सगळं, वाचतात पण. फक्त लाल आणि हिरवं त्यांना सारखंच दिसते. मातकट. मागच्या महिन्यात मी म्हटलं, परसातले लाल झालेले टमाटे तोडून द्या, तर पिकले-कच्चे सगळे एकत्र करून दिले. वरून मलाच म्हणाले, काय झालं?”

माझ्या हातातली पिशवी मी खाली ठेवली. वायरिंगमध्ये लाल तारेतून वीज येते, काळीतून परत जाते आणि हिरवी जमिनीत जाते. उपकरणाचा पत्रा या हिरवीला जोडलेला असतो. काही बिघडलं तर वीज त्या वाटेने जमिनीत निघून जावी आणि माणूस वाचावा, म्हणून. लाल आणि हिरवी ज्याला सारखी दिसते, त्याने वायरिंग करणं म्हणजे काय, हे कुंदाताईंना समजावून सांगायची गरज नव्हती. त्या दौलतकाकांची मुलगी होत्या.

“डॉक्टर काय म्हणतात?”

“गोळी बंद केली त्यांनी. म्हणाले, काही जणांचे रंग परत येतात, काहींचे येत नाहीत. बाबा म्हणतात, माझे येऊन राहिले. मला काय कळणार? या घराची वायरिंग मीच करणार म्हणून हट्ट धरला. मी नाही म्हणू शकले नाही.” त्यांनी ओटा उगीचच पदराने पुसला. “भाऊ, तुम्ही मला खरं काय ते सांगा. काम बरोबर असेल तर मी एक शब्द बोलत नाही, त्यांना करू देत जन्मभर. आणि चुकलं असेल तर आजच्या आज मी त्यांच्या हातातून पक्कड काढून घेते. रडतील, रागावतील, जेवणार नाहीत. मी बघून घेईन ते. पण त्यांच्या हातून कोणाचं काही झालं ना, तर ते जगणार नाहीत.”

“सांगतो,” मी म्हणालो.

मी कामाला लागलो. तपासायला माझ्याकडे काकांनीच शिकवलेला साधा जुगाड होता: टॉर्चचे दोन सेल आणि सायकलच्या दुकानातली एक विजेची घंटी. मेनपाशी लाल तारेला घंटीचं एक टोक बांधायचं आणि दुसरं टोक घेऊन घरभर फिरायचं. सॉकेटच्या उजव्या भोकात टोक लावून खटका दाबला की घंटी वाजली पाहिजे. वरच्या मोठ्या भोकात, जे हिरवीचं असतं, तिथे ती वाजता कामा नये. मी एक टोक मेनपाशी बांधलं तेव्हा काका हात न हलवता माझ्याकडे पाहत होते. बांधकामापुरतं घेतलेलं तात्पुरतं कनेक्शन त्या मेनपर्यंत आलेलं होतं, म्हणून हात हलवणं त्यांना मंजूर नव्हतं.

पुढच्या खोलीतला पहिला बोर्ड मी उघडला आणि बघतच राहिलो. तारा अशा वळवल्या होत्या की झाकण लावायला जीवावर यावं. एकही तार दुसरीवर चढलेली नव्हती. आणि प्रत्येक लाल तारेच्या टोकाशी, कवचावर, पांढऱ्या शिलाईच्या धाग्याची बारीक गाठ मारलेली होती.

त्या गाठींचा अर्थ कळायला मला अर्धं मिनिट लागलं असेल. दुकानदाराकडून त्यांनी लाल तारेचं बंडल वेगळं मागून घेतलं असणार. पाइपात ओढायच्या आधी तिच्या दोन्ही टोकांना धागा बांधला असणार. मग रंग न पाहता, धागा पाहून जोडणी केली. म्हणजे रंग परत येत नव्हते, आणि ते त्यांना स्वतःला पक्कं माहीत होतं. चौसष्ट वर्षांचा माणूस, ज्याने अर्ध्या गावाला उजेड दिला, तो बायकांच्या शिलाईच्या डब्यातला धागा घेऊन प्रत्येक तारेला गाठी मारत बसला होता. मला फार वाईट वाटलं. तिथेच स्टुलावर बसून मी थोडा वेळ घालवला.

“झालं का पैल्या खोलीचं?” बाहेरून काकांनी विचारलं. खरं तर त्यांनी बोलायचं नव्हतं.

“झालं. बरोबर आहे.”

तिन्ही खोल्या बरोबर निघाल्या. स्वयंपाकघरातला फ्रीजचा पॉइंट, मिक्सरचा पॉइंट, गच्चीवरचा दिवा, सगळीकडे धागा, सगळीकडे जोडणी बिनचूक. न्हाणीघर तेवढं राहिलं. तिथे गिझरचा एकच बोर्ड होता. मी उजव्या भोकात टोक लावून खटका दाबला. घंटी वाजली नाही. तार सैल असेल म्हणून पुन्हा लावून पाहिलं. मग मोठ्या भोकात लावलं आणि घंटी खणखणीत वाजली.

“वाजली का?” काकांचा आवाज आला.

“वाजली,” मी म्हणालो.

यात खोटं काहीच नव्हतं. घंटी वाजलीच होती.

बोर्ड उघडला. लाल तार हिरवीच्या जागी, हिरवी लालच्या जागी. धागा नव्हता. पाइपातून ओढताना गाठ सुटून पडली असेल, असं मी समजलो. गिझर लावला असता तर त्याच्या पत्र्यात, नळात, पाण्यात सगळीकडे वीज आली असती. कुंदाताई आंघोळीला गेल्या असत्या आणि नळाला हात लावला असता, एवढंच.

मी काय करायला हवं होतं ते मला तेव्हाही ठाऊक होतं, उगीच कशाला सांगू की नव्हतं. काकांना आत बोलवायचं, उघडा बोर्ड दाखवायचा. डॉक्टरांच्या बायकोसमोर त्यांनी माझ्याशी केलं होतं तेच मी त्यांच्या मुलीसमोर करायचं. पण मला ते हात आठवले. ते धागे डोळ्यांसमोर आले. मनात म्हटलं, एकच तर चूक आहे, तीही धागा पडला म्हणून. हा माणूस आता काम करणार तरी किती? मुलीच्या घराचं शेवटचं काम, ते मानाने होऊ दे. आणि खरं सांगायचं तर, त्यांच्या तोंडावर ते बोलायची माझ्यात ताकद नव्हती. गावभर किचकट म्हणून मिरवणारा मी, त्या एका माणसापुढे अजून तोच पोरगा होतो.

मी पेचकस घेतला, दोन स्क्रू ढिले केले, तारा बदलल्या आणि झाकण लावून टाकलं. चार मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बाहेर काका मेनवर हात ठेवून उभे होते. त्यांच्याच पद्धतीमुळे त्यांना काही दिसलं नाही.

मी व्हरांड्यात आलो. त्यांनी हात काढला नाही.

“किती निघाल्या?” त्यांनी विचारलं.

“कशा?”

“चुका.”

“एकही नाही, काका.”

“न्हाणीघर पायलं?”

“पाहिलं.”

“गिझरचा बोर्ड? उघडून पायला?”

“उघडून पाहिला. एकदम बरोबर आहे.”

ते माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिले. मग म्हणाले, “सुधाकर, खरं सांगून रायला न?”

“तुमच्याशी खोटं बोलेन का?”

त्यांनी मेनवरचा हात काढला आणि माझे दोन्ही हात धरले. त्यांचे डोळे भरून आले होते. शाबासकी आवडणारा माणूस नव्हता तो, म्हणून मला नवल वाटलं, पण माझंही मन भरून आलं होतं. दारात कुंदाताई उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि हसल्या. त्या घरात सगळ्यांना एवढं सुखी मी करू शकलो, याचं मला त्या दिवशी समाधान वाटलं. मी तिथेच फॉर्मवर सही केली आणि आठवड्याभरात मीटर लागलं.

मार्चमध्ये काका दुकानावर आले. नवी पक्कड घ्यायची म्हणाले. चेहरा उजळला होता. दोन-तीन कामं धरली आहेत, बाहेरगावची, लहानसहान. मी म्हणालो, “काका, आता आराम करा की.” ते म्हणाले, “आराम करून करून कंटाळलो न बाप्पा.” पक्कड घेऊन गेले. त्यानंतर दोनदा मी त्यांच्या घरापर्यंत गेलो, खरं सांगून टाकू म्हणून. एकदा ते घरी नव्हते. दुसऱ्यांदा घरी होते, आम्ही उन्हाळ्यावर बोललो, त्यांनी मला टरबूज खायला दिलं आणि मी परत आलो.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात पिंपळखेडला एक बाई गेली. सविता गावंडे, वय सव्वीस. दुपारी कूलरमध्ये पाणी भरताना तिचा हात पत्र्याला लागला आणि ती जागीच गेली. पेपरात चार ओळी होत्या. आमच्या भागात दर उन्हाळ्यात अशा चार ओळी येतात, म्हणून मी पान उलटलं. संध्याकाळी प्रभाकरमास्तर दुकानावर आले.

“पिंपळखेडचा तो कूलरचा पॉइंट बाबांनी काढून दिला होता,” ते म्हणाले. “एप्रिलमध्ये. सविताचे सासरे नामदेवराव गावंडे त्यांचे जुने दोस्त. दुरुस्तीवाल्याने कूलर त्या सकाळीच आणून पहिल्यांदा जोडला होता. वीज इन्स्पेक्टरचे लोक येऊन बोर्ड उघडून गेले. लाल तार अर्थिंगला होती म्हणतात.”

जुनं मीटर, त्यावर एक नवा पॉइंट. अशा कामासाठी टेस्ट रिपोर्ट मागायला कोणी येत नाही. तपासणारा नाही, बाहेर मेनवर उभा राहणारा नाही. डोळे बिघडल्यापासून काकांचं काम दुसऱ्याने तपासायची वेळ एकदाच आली होती, आणि तेव्हा तपासणारा मी होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सोळंक्यांच्या घरी गेलो. काका पुढच्या खोलीत भिंतीला टेकून बसले होते. कुंदाताई त्यांच्याजवळ खाली बसल्या होत्या. मला पाहून काकांनी हाताने जवळ बोलावलं.

“ये. तुलेच बोलवायले धाडणार होतो. पोलिसाईनं त्या कूलर दुरुस्तीवाल्याले धरून ठेवलं. सारं गाव म्हणते, त्यानंच तारा बदलवल्या. मीबी रातभर तेच म्हणत होतो. त्यानंच बदलवल्या असतीन. काहून का माह्या हातून तसं होणार नाई. माहे रंग परत आले.”

मी त्यांच्यासमोर जाऊन उभा राहिलो.

“तुले एक सांगायचं रायलं,” काका म्हणाले. “कुंदीलेबी सांगतलं नाई. या घरात म्या साऱ्या लाल तारेले धागा बांधला होता. तू पायलाच असशीन.”

“पाहिला.”

“न्हाणीघरात नव्हता बांधला.”

“तो पडला असेल असं—”

“पडला नाई. बांधलाच नाई. तो बोर्ड म्या डोळ्यानं केला. लाल कोणती, हिरवी कोणती, पाहून केला. म्हटलं, बाकी घर धाग्यावर जाऊ दे, एक बोर्ड आपल्या नजरेवर करू. रंग आले का नाई, तेवढं समजते. अन् तपासाले सुधाकर येते. त्याच्या हातून चूक निसटत नाई, अन् तो मले तोंडावर सांगते. दुसऱ्या कोणाच्या भरोशावर म्या माह्या पोरीच्या न्हाणीघरात असं केलं असतं का?” ते थांबले. त्यांना खोकला आला, तो जाईपर्यंत मी उभाच होतो. “तू म्हटलं, एकदम बरोबर. म्हटलं, चला, आले रंग. त्या दिवसापासून म्या धागा सोडला. आता तू मले एवढंच सांग. पोलिसाईपुढे मले खरं तेच बोलायचं आहे. तो बोर्ड बरोबर होता न?”

कुंदाताई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांचा चेहरा बदलत गेला. मी बोलायच्या आधीच त्यांना उत्तर कळलं असावं.

“नाही, काका,” मी म्हणालो. “उलटा होता. लाल अर्थिंगला होती. मी तारा बदलल्या आणि तुम्हाला सांगितलं नाही.”

काकांनी आपले दोन्ही हात उलटेपालटे करून पाहिले. मग विचारलं, “काहून?”

“तुम्हाला वाईट वाटेल म्हणून.”

“तुले मी परीक्षा घ्यायले बोलावलं होतं रे,” ते अगदी शांतपणे म्हणाले. “मान राखायले नाई.”

कुंदाताई उठून आत गेल्या. दार लावल्याचा आवाज आला. मला वाटलं, त्या बाहेर येऊन मला काहीतरी बोलतील. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या दिवसानंतर त्या माझ्याशी कधीच बोलल्या नाहीत. रस्त्यात समोर आल्या तर मान खाली घालून जायच्या, जणू माझ्याऐवजी त्यांनाच लाज वाटत होती.

काकांवर पुढे केस झाली. निकाल लागायच्या आधीच, दीड वर्षात, ते गेले. त्या सगळ्या काळात मी त्यांना वकील दिला, तारखांना सोबत गेलो, औषधं आणली. लोक म्हणायचे, शिष्य असावा तर असा. ते ऐकताना जीव नकोसा व्हायचा. पण हे सगळं त्या सकाळनंतरचं. त्या सकाळी काका भिंतीला धरून उठले, टोपी घातली आणि म्हणाले, “चाल. तुही गाडी काढ. पैले त्याईच्या घरी जाऊ, मंग ठाण्यात. तो कूलरवाला बिचारा फुकट बसला तथी.”

पिंपळखेडला पोचलो तेव्हा अकरा वाजले होते. गावंड्यांच्या अंगणात कडुलिंबाखाली माणसं बसलेली होती. ओसरीवर सविताचा नवरा गुडघ्यात डोकं घालून बसला होता आणि तीन-एक वर्षांची मुलगी त्याच्या पाठीशी खेळत होती. नामदेवराव उठून पुढे आले. जुन्या दोस्ताला पाहून त्यांना रडू आलं. ते काकांना मिठी मारायला निघाले, तर काकांनी हात जोडून त्यांना थांबवलं.

“नामदेव, थांब. कूलरवाल्याची काई चूक नाई. तारा म्याच उलट्या जोडल्या. मले लाल-हिरवं समजत नाई. टीबीच्या गोळ्यानं डोळे गेले माहे.”

नामदेवरावांना आधी ते समजलंच नसावं. मग हळूहळू समजलं.

“समजत नाई, तर काम काहून घेतलं?”

“घेतलं. चुकलं माहं.”

सविताच्या नवऱ्याने डोकं वर केलं. तो ओरडला नाही. त्याला फक्त समजून घ्यायचं होतं, असं वाटलं. “काका, तुमाले कोणी सांगतलं नाई? का बा, तुमाले दिसत नाई, तुमी आता काम करू नका? एवढ्या जनाईत एकालेबी मालूम नव्हतं?”

मी काकांच्या शेजारी उभा होतो, हातभर अंतरावर. आता ते माझ्याकडे पाहतील असं मला वाटलं. त्यांनी पाहिलं असतं तर मी बोललो असतो, असं मी गेली वीस वर्षं स्वतःला सांगत आलो आहे.

त्यांनी पाहिलं नाही.

“नाई,” काका म्हणाले. “कोणालेच मालूम नव्हतं.”

“अन् हे कोण?” नामदेवरावांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“हा माह्या हाताखाली शिकला. म्हाताऱ्याच्या सोबतीले आला.”

पुढे काका आणखी काहीतरी बोलत होते, जोडलेले हात तसेच होते. घरातून एक बाई तांब्या घेऊन आली. ऊन फार होतं आणि मी पाहुणा होतो, म्हणून तिने मला पाणी दिलं. मी ते प्यायलो.